दिसू नये, टोचू नये, उडू नये

२००८ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागातल्या एका नाइट क्लबमध्ये गोळी उडाली. गोळी झाडणारा आणि जखमी झालेला इसम एकच होता. प्लॅक्सिको बरेस हा 'न्यूयॉर्क जायंट्स' या अमेरिकन फुटबॉल संघाचा नामांकित खेळाडू. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या सामन्यात संघाला विजेतेपद मिळवून देणारा निर्णायक टचडाउन त्याने केला होता. त्या रात्री त्याने आपले ग्लॉक पिस्तूल पँटच्या कमरेत नुसतेच खोचून ठेवले होते. ते घसरून पायाकडे निघाले, सावरण्यासाठी त्याने हात घातला, चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्या उजव्या मांडीतून आरपार गेली. फ्लोरिडाच्या परवान्याची मुदत संपलेली, न्यूयॉर्कचा परवाना मुळात नव्हताच. २००९ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. कोट्यवधी डॉलरचा करार खिशात असलेल्या या खेळाडूने शंभरएक डॉलरचे होल्स्टर घेतले असते, तर तुरुंग टळला नसता. मांडी मात्र बहुधा वाचली असती.

होल्स्टर म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याचे म्यान. 'म्यान' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तलवार येते आणि 'पाकीट' म्हटले की पैसे, म्हणून येथे होल्स्टर हाच शब्द वापरलेला बरा. अमेरिकेत या वस्तूची निवड हा आता लक्षावधी सामान्य नागरिकांच्या रोजच्या जीवनातला प्रश्न झाला आहे. परवानाधारकाने कपड्यांखाली झाकून पिस्तूल बाळगण्याची मुभा तेथे बहुतेक राज्यांत होतीच. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्ससने परवान्याची अटही काढून टाकली आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत पात्र प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय असे शस्त्र बाळगता येते. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शस्त्र बाळगण्याची खास गरज सिद्ध करायला लावणारा न्यूयॉर्कचा कायदा घटनाबाह्य ठरवला. परवान्याबरोबर येणारे सक्तीचे प्रशिक्षण जेथे उरलेले नाही, तेथे होल्स्टरच्या निवडीचे ज्ञान माणसाने स्वतःच मिळवायचे असते. नागरिकांनी पिस्तुले बाळगावीत की नाही, हा वाद मोठा आहे आणि तो येथे सुटणारा नाही. परंतु बाळगायचेच ठरले, तर ते कशात बाळगावे या प्रश्नाचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी निश्चित आहे.

दुकानात गेलेला नवशिका प्रथम विचारतो, 'दिसणार नाही ना?' जाणकार प्रथम विचारतात, 'दिवसभर सहन होईल ना?' हा दुसरा प्रश्न चैनीचा वाटतो, पण तसा तो नाही. टोचणारे होल्स्टर माणूस फार काळ अंगावर ठेवत नाही. आधी तो ते सारखे चाचपतो, सरकवतो, आणि लपवलेली गोष्ट चारचौघांत स्वतःच उघड करतो. मग गाडीत बसताना ते काढून शेजारच्या खणात ठेवतो, घरी आल्यावर टेबलावर ठेवतो. अंगावरचे पिस्तूल त्या माणसाच्या ताब्यात असते. खणातले व टेबलावरचे पिस्तूल ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचे. गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुले ही अमेरिकी पोलिसांची मोठी डोकेदुखी आहे आणि घरातल्या मुलांच्या हाती लागलेल्या पिस्तुलांच्या बातम्या तेथे वारंवार वाचायला मिळतात. सोय आणि सुरक्षितता या येथे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू ठरतात.

तरीही सुरक्षिततेची एक अट सोयीच्याही आधी येते. होल्स्टरने चाप आणि चापाभोवतीचे कडे पूर्णपणे झाकले पाहिजे, आणि तेही अशा कडक द्रव्याने की बाहेरून दाबले तरी आत चाप हलू नये. याचे कारण आधुनिक पिस्तुलाच्या रचनेत आहे. ग्लॉक आणि त्याच्या धर्तीच्या अनेक पिस्तुलांना अंगठ्याने लावायचा वेगळा खटका नसतो. चाप सुमारे अडीच किलोच्या दाबाने मागे ओढला, की गोळी सुटते. तो दाब बोटाचा आहे की शर्टाच्या टोकाचा, हे पिस्तुलाला कळत नाही. जाकिटाच्या कमरेला असते तशी गाठ मारलेली नाडी पिस्तुलाबरोबर होल्स्टरमध्ये जाऊन चापात अडकल्याचे प्रकार घडलेले आहेत. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत दुमडली जाऊन तिनेच चाप ओढल्याचेही उदाहरण आहे. म्हणून अशा पिस्तुलाचे खरे कुलूप म्हणजे होल्स्टरच. सर्व मापांच्या पिस्तुलांना चालेल असे सांगून विकले जाणारे नायलॉनचे पिशवीवजा होल्स्टर स्वस्त असते, अंगाला मऊ लागते आणि ही पहिली अट पुरी करत नाही. ते दुकानातच ठेवलेले बरे.

द्रव्याचा विचार करता मुख्य पर्याय दोन. चामडे शरीराच्या उबेने हळूहळू अंगाचा आकार घेते, आवाज करत नाही, त्वचेला सोसते. परंतु ते घाम शोषते, त्यातील क्षार पोलादाला लागून गंज चढतो, आणि काही वर्षांनी त्याचे तोंड मिटू लागते. तोंडाशी धातूची किंवा जाड चामड्याची पट्टी शिवलेली असेल तरच पिस्तूल एका हाताने परत ठेवता येते. दुसरा पर्याय कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचा. त्याचा पत्रा तापवून त्या त्या पिस्तुलावर दाबून घडवतात; त्यामुळे पिस्तूल आत बसताना 'खट्' असा आवाज होतो आणि पकड किती घट्ट असावी हे स्क्रू फिरवून ठरवता येते. घामाचा त्यावर परिणाम होत नाही. पोटाला मात्र ते कडक लागते, कडा घासतात. चामड्याची रुंद पाठ आणि कायडेक्सचे पुढचे कवच अशी सांगड घातलेला तिसरा प्रकारही लोकप्रिय आहे. रुंद पाठीमुळे वजन विभागले जाते, पण चामडे जुने झाल्यावर वरचा दोष त्यालाही लागू होतोच. ॲरिझोना किंवा फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात कायडेक्स आणि आत एक सुती बनियन, हा बहुतेकांचा अनुभवाने ठरलेला तोडगा.

आता खरा प्रश्न जागेचा. अमेरिकेतील जाणकार कमरेचे वर्णन घड्याळाच्या तबकडीप्रमाणे करतात. बेंबी म्हणजे बारा, उजवा कुल्हा म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा. उजव्या हाताच्या माणसासाठी तीनचा आकडा स्वाभाविक वाटतो, पण नेमके तेथेच कमरेचे हाड बाहेर आलेले असते आणि पिस्तूल त्यावर घासत राहते. तेच थोडे मागे, साडेतीन ते चारच्या दरम्यान सरकवले, तर हाडामागच्या नैसर्गिक खळग्यात बसते. येथे होल्स्टर जरासे पुढे कललेले असावे लागते, म्हणजे मूठ पाठीच्या रेषेत राहते आणि शर्टातून उचललेली दिसत नाही. वाकल्यावर मात्र ती उघडी पडते, म्हणून या जागी पिस्तूल बाळगणारा माणूस जमिनीवरची वस्तू कंबर न वाकवता गुडघे दुमडून उचलायला शिकतो.

दुसरी जागा एक वाजता, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागात. शरीरातल्या ॲपेंडिक्सजवळची म्हणून तिला तेच नाव पडले आहे. ही जागा झाकायला सर्वांत सोपी, पिस्तूल सतत दोन्ही हातांच्या आवाक्यात आणि डोळ्यांसमोर. म्हणून अलीकडे तिचा प्रसार फार झाला. बसल्यावर मात्र जांघेत नळी रुतते आणि मूठ पोटात. यावर नवशिक्याला सुचणारा उपाय असतो आखूड होल्स्टर घेण्याचा, आणि तो बहुतेक वेळा उलटा पडतो. पिस्तुलाचे बरेचसे वजन मुठीत, म्हणजे काडतुसे असतात त्या वरच्या भागात असते. पट्ट्याखाली पुरेशी लांबी नसेल तर वरचा भाग बाहेर कलंडतो आणि मूठ शर्टातून डोकावते. होल्स्टर थोडे लांब असेल, तर होडीच्या तळाप्रमाणे ते खालून आधार देते. त्याच्या खालच्या टोकाशी, अंगाच्या बाजूने, फोमची पाचर चिकटवली की नळीचे टोक अंगापासून दूर होते, मूठ आपोआप आत वळते आणि टोचणेही थांबते. याखेरीज होल्स्टरच्या बाजूला एक लहान पंख बसवतात. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूने दाबला जाऊन मूठ पोटाकडे फिरवतो. या दोन किरकोळ दिसणाऱ्या तुकड्यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा महागडे पिस्तूल बदलूनही पडत नाही. सुटलेल्या पोटाच्या माणसाला ही जागा अजिबात जमत नाही असे नाही, पण त्याला होल्स्टरची उंची व पाचरीचा आकार यांवर बराच काळ प्रयोग करावे लागतात. चारचा आकडा त्याच्यासाठी अधिक सुखाचा.

ॲपेंडिक्सच्या जागेची गंभीर बाजू अशी, की नळीचे तोंड मांडीतल्या मुख्य रोहिणीच्या दिशेने असते. तेथे गोळी लागली तर काही मिनिटांतच रक्तस्रावाने मृत्यू येऊ शकतो. धोक्याचा क्षण पिस्तूल बाहेर काढण्याचा नसून परत ठेवण्याचा असतो. म्हणून प्रशिक्षक शिकवतात की परत ठेवताना मुळीच घाई नको. बोट चापापासून दूर आणि सरळ, दुसऱ्या हाताने शर्ट पूर्ण वर उचललेला, कंबर पुढे काढून नळी शरीरापासून बाहेर वळवलेली, आणि नजर होल्स्टरच्या तोंडावर. एवढी शिस्त पाळायची तयारी नसेल, त्याने ही जागा निवडू नये.

जागा कोणतीही असो, पट्टा चुकला की सारे चुकले. भरलेल्या ग्लॉक १९ चे वजन सुमारे साडेआठशे ग्रॅम असते. नेहमीच्या मऊ पट्ट्यावर एवढे वजन एका बाजूला टांगले, की तो पिळवटतो, पँट घसरते आणि माणूस ती आवळत राहतो; संध्याकाळी कंबर दुखते आणि दोष होल्स्टरला दिला जातो. या कामासाठी आतून पॉलिमर किंवा पोलादाची पट्टी घातलेले, साधारण दीड इंच रुंदीचे ताठ पट्टे मिळतात. पँटच्या आतले होल्स्टर वापरायचे तर पँट कमरेला एक-दोन इंच सैल शिवून घ्यावी लागते, हेही अनेकांना पहिली पँट उसवल्यावर कळते. वजन कमी करणे हा दुसरा मार्ग. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी ३६५ सारख्या पिस्तुलांनी दहा गोळ्यांची क्षमता सुमारे अर्ध्या किलोत आणली, त्यानंतर अंगावर पिस्तूल बाळगणे बऱ्याच जणांना सुसह्य झाले. मात्र पिस्तूल जितके लहान, तितका झटका अधिक आणि नेम अवघड.

स्त्रियांच्या बाबतीत हा उद्योग बराच काळ उदासीन राहिला. पुरुषाच्या सरळ कमरेसाठी घडवलेले होल्स्टर कमरेचा बाक आणि रुंद कुल्हे असलेल्या शरीरावर लावले, की पट्ट्याच्या वरचा भाग आत झुकतो आणि मूठ थेट बरगड्यांत घुसते. त्यांना खाली बसणारे होल्स्टर सोसते, पण स्त्रियांच्या अनेक पोशाखांना मुळात पट्टाच नसतो. त्यासाठी पोटाभोवती गुंडाळायचा रुंद लवचीक पट्टा मिळतो. तो वापरायचा तर चापावर कडक कवच असलेलाच वापरावा. या साऱ्या कटकटीला कंटाळून अनेक जणी पिस्तूल पर्समध्ये ठेवतात. सोयीच्या दृष्टीने याहून सुखकर काही नाही, आणि धोक्याच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथे वॉलमार्टच्या दुकानात खरेदीला आलेल्या एका तरुण आईच्या पर्समध्ये तिच्या दोन वर्षांच्या मुलाने हात घातला. पर्स खास पिस्तुलासाठी बनवलेली, वेगळ्या चेनबंद कप्प्याची होती. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पिशवीतली वस्तू विसरली जाते, हाही एक भाग आहेच. २०२३ या एका वर्षात अमेरिकी विमानतळांवरील तपासणीत ६,७३७ बंदुका पकडल्या गेल्या, त्यांतील सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या, आणि पकडल्या गेलेल्यांचे नेहमीचे उत्तर 'बॅगेत आहे हे लक्षातच नव्हते' हे असते. २०१४ सालीच कानपूरच्या सरकारी कारखान्याने दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा ते पर्समध्ये सहज मावते, हा त्याचा एक गुण म्हणून सांगितला गेला होता. हेडनची घटना त्यानंतर वर्षभराच्या आतली.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. पाठीच्या कण्यावर, म्हणजे सहाच्या आकड्यावर पिस्तूल ठेवू नये. पाय घसरून पडल्यास पोलादाचा तुकडा थेट मणक्यावर आदळतो. घोट्याजवळचे होल्स्टर दिवसभर गाडी चालवणाऱ्याला उपयोगी, चालणाऱ्याला जाचक. खिशात ठेवायचे लहान रिव्हॉल्व्हर खिशाच्या होल्स्टरमध्येच असावे आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी काहीही नसावे. खांद्याचे होल्स्टर चित्रपटांनी लोकप्रिय केले, पण त्याच्या आडव्या प्रकारात नळी कायम मागे उभ्या असलेल्या माणसाकडे रोखलेली असते, आणि अंगातला कोट काढायची सोय राहत नाही. जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंगला जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रांच्या जाणकाराने १९५६ मध्ये पत्र लिहून बाँडच्या शस्त्रांतील चुका दाखवल्या. फ्लेमिंगने सल्ला आनंदाने मानला, आभारादाखल त्याचे नाव 'डॉ. नो'मधील शस्त्रतज्ज्ञाला दिले, आणि बाँडच्या वॉल्थर पिस्तुलाला असे होल्स्टर दिले जे मुळात रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेले होते. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराचीही निवड चुकली, तर इतरांनी फार खंत करू नये.

पिस्तूल अंगावरून उतरवावे लागते, या गोष्टीचा विचार खरेदीच्या वेळी फारच थोडे जण करतात. टेक्ससमध्ये दंडसंहितेच्या ३०.०६ या कलमानुसार पाटी लावलेल्या दुकानात झाकलेले पिस्तूलही नेता येत नाही. शाळा, न्यायालये येथे तर प्रश्नच नाही. म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा ते काढणे आले. प्रत्येक वेळी गाडीच्या अंधाऱ्या, अडचणीच्या जागेत भरलेले पिस्तूल हाताळणे म्हणजे प्रत्येक वेळी अपघाताला वाव. त्यामुळे पिस्तुलासकट आख्खे होल्स्टर एका झटक्यात पट्ट्यावरून सुटेल आणि तसेच परत बसेल, अशी भक्कम क्लिप असलेले होल्स्टर घ्यावे. चाप मग क्षणभरही उघडा पडत नाही. उतरवलेले पिस्तूल गाडीला तारेने जखडलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवायचे, सीटखाली नाही. स्वच्छतागृहाचा प्रश्नही असाच. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनातील सुरक्षा पोलिसांनीच स्वच्छतागृहांत पिस्तुले विसरल्याची प्रकरणे बाहेर आली. त्यांतले एक पिस्तूल एका लहान मुलाला सापडले होते. पिस्तूल कधीही टाकीवर किंवा खुंटीवर ठेवू नये. ते होल्स्टरमध्येच, पट्ट्यासह गुडघ्यांवर उतरलेल्या पँटमध्ये राहू द्यावे. सभ्य लेखात हा विषय शोभत नाही, पण होल्स्टरची पकड कशी आहे याची कसोटी येथेच लागते.

आपल्याकडे परवानाधारकांची संख्या मर्यादित आहे, तरी सराफ, बांधकाम व्यावसायिक, धमक्या आलेली माणसे यांच्यापाशी रिव्हॉल्व्हर असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी भारतातही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तत्सम साधनात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रभावी नियंत्रणात असले पाहिजे, असे बंधन घातले आहे. सदऱ्याखाली नुसते खोचलेले किंवा लग्नात मिरवलेले शस्त्र त्यात बसत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात मुंबईतील राहत्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधील गोळी शिरली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. तेथेही धोक्याचा क्षण शस्त्र ठेवण्याचाच होता.

अमेरिकेत नियमित पिस्तूल बाळगणाऱ्या बहुतेकांच्या घरी नापसंत होल्स्टरांनी भरलेला एक खण असतो. तो टाळण्याचा उपाय एकच: रिकामे पिस्तूल, दोनदा तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, नव्या होल्स्टरमध्ये आठवडाभर घरातच अंगावर वागवावे. जिने चढावेत, बुटाची नाडी बांधावी, दोन तास खुर्चीत बसावे, जेवावे. आणि पेढीवर गादीला मांडी घालून बसणाऱ्या आपल्याकडच्या सराफाने अमेरिकी सल्ल्यात नसलेली एक चाचणी जरूर करावी. मांडी घातल्यावर एक वाजताचे पिस्तूल जांघेत रुतते आणि घोट्याचे तर उघडेच पडते. चारच्या आकड्यावरचे मात्र, लोडाला टेकून न बसल्यास, दुकान बंद होईपर्यंत निभावते.